सनोलच्या कोरड्या टेकड्यांवर गाई कशासाठी?

सॅन फ्रान्सिस्कोच्या आग्नेयेस सुमारे 65 किलोमीटरवर, फ्रीमाँट आणि प्लेझंटन या शहरांच्या पाठीमागे, डियाब्लो पर्वतरांगेच्या कोरड्या टेकड्यांत सनोल हे प्रादेशिक वन्य उद्यान पसरलेले आहे. त्याचे क्षेत्र सुमारे 6,800 एकर आहे आणि त्याला पूर्वेकडे लागून असलेले ओलोनी वन्य उद्यान त्याहूनही मोठे आहे. या दोन शहरांत आणि आसपास मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे शनिवार-रविवारी सनोलच्या पायवाटांवर मराठी कानावर पडणे ही नवलाची गोष्ट नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना येथे घेऊन गेले की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो. वन्य प्रदेश म्हणून राखलेल्या जागेत मोकळ्या गाई कशा काय चरत आहेत? आपल्याकडे जंगल राखायचे म्हटले की पहिले पाऊल चराईबंदीचे असते, आणि येथे तर खुद्द उद्यानच गुरे आत सोडते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी पाऊस, गवत, गढूळ पाण्याची तळी आणि एक दुर्मीळ उभयचर प्राणी या सगळ्यांचा परस्परसंबंध समजून घ्यावा लागतो.

आधी उद्यानाच्या दर्जाविषयी. अमेरिकेत 1964 साली झालेल्या वन्यप्रदेश कायद्याखाली जी क्षेत्रे येतात ती केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनीवर असतात. सनोल त्यांपैकी नाही. ते ‘ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट’ या स्थानिक संस्थेचे आहे. 1934 साली, महामंदीच्या ऐन काळात, ओकलंड-बर्कली परिसरातील मतदारांनी स्वतःवर नवा कर लादून घेत ही संस्था स्थापन केली. तिचा कारभार मतदारांनी निवडून दिलेले सात संचालक पाहतात. जमीन विकत घेण्यासाठी नागरिकांनी 1988 साली 22.5 कोटी डॉलरच्या आणि 2008 साली 50 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मतदानाने मंजुरी दिली. ही बहुतेक जमीन पूर्वी गुरे पाळणाऱ्यांच्या ताब्यात होती, म्हणजे उद्यान आले तेव्हा गाई तेथे होत्याच. प्रश्न होता तो त्यांना ठेवावे की बाहेर काढावे, एवढाच.

आता पावसाकडे वळू. या टेकड्यांवर वर्षाला साधारण 400 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात पडतो जवळपास तेवढाच. मात्र मिलिमीटरचा आकडा सारखा असला तरी निसर्ग सारखा होत नाही, कारण पाऊस कोणत्या ऋतूत पडतो याला त्याच्या प्रमाणाइतकेच महत्त्व असते. आपल्याकडे पाऊस उष्णतेच्या दिवसांत येतो, त्यामुळे ऊब आणि ओल एकाच वेळी मिळून गवत झपाट्याने वाढते. कॅलिफोर्नियात पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांत पडतो आणि मे ते ऑक्टोबर हा काळ जवळजवळ पूर्ण कोरडा जातो. उन्हाळ्यात प्रशांत महासागरावरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि वादळांना किनाऱ्यापासून दूर ठेवतो, हे त्याचे कारण होय. थंड सागरी प्रवाहामुळे किनाऱ्यावर धुके दाटते खरे, परंतु ते पहिल्या डोंगररांगेपाशीच अडते आणि सनोलपर्यंत त्याची ओल क्वचितच पोहोचते. परिणामी डिसेंबरमध्ये गवत उगवते, मार्च-एप्रिलमध्ये ते गुडघ्याच्या वर जाते, मे महिन्यात बी धरते आणि जूनमध्ये वाळून पिवळे पडते. पुढचे पाच महिने हे वाळलेले गवत उभेच राहते.

डोंगराची कोणती बाजू पाहतो यावरही बरेच अवलंबून असते. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे दक्षिणाभिमुख उतार तापतात आणि लवकर कोरडे होतात, म्हणून तेथे मुख्यतः गवतच दिसते. उत्तराभिमुख उतारांवर ओल टिकते आणि तेथे सदाहरित ओक व बे लॉरेल यांची दाट झाडी असते. मधल्या कोरड्या उतारांवर ब्लू ओक विरळ उभे असतात. पाण्याचा ताण फार झाला की हा वृक्ष भर उन्हाळ्यातही पाने गाळून स्वतःला वाचवतो. बकाय हे झाड तर दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्येच पानगळ उरकून घेते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मेल्यासारखे वाटते, परंतु हिवाळ्याच्या शेवटी त्याला सर्वांआधी पालवी फुटते.

या सगळ्यात गवताची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आज टेकड्यांवर जे गवत दिसते त्यातील बहुतांश या भूमीचे नाहीच. येथील मूळ गवते बहुवार्षिक होती. ती ठोंबांनी वाढत, त्यांची मुळे खोल जात आणि उन्हाळ्यातही बुंध्याशी थोडा हिरवेपणा राहत असे. 2004 साली राज्याचे अधिकृत गवत म्हणून निवडले गेलेले पर्पल नीडलग्रास हे त्यांतील सर्वांत परिचित गवत आहे. 1769 पासून स्पॅनिश मिशनरी आणि सैनिक येथे वस्ती करू लागले. त्यांनी गुरे आणली आणि गुरांबरोबर, चाऱ्याबरोबर, धान्याबरोबर भूमध्य सागराच्या काठची रानटी ओट, ब्रोम, राय अशी एकवार्षिक गवते आली. जुन्या मिशन इमारतींच्या कच्च्या विटांमध्ये अडकलेल्या वनस्पतींच्या अवशेषांत परदेशी बियाणे सापडले आहे, त्यावरून हा प्रवेश किती लवकर झाला ते कळते. मूळ हवामानाशी जुळणारे हवामान मिळाल्याने ही गवते वणव्यासारखी पसरली. 1797 साली मिशन पीकच्या पायथ्याशी, म्हणजे आजच्या फ्रीमाँटमध्ये, मिशन सॅन होजे उभे राहिले आणि त्याची हजारो गुरे याच टेकड्यांवर चरू लागली.

त्याच सुमारास आणखी एक बदल झाला. ओलोनी लोक हजारो वर्षे या भूभागात राहत होते आणि गवताळ भाग ठरावीक काळाने जाळत होते. त्यामुळे झुडपे आटोक्यात राहत, खाण्यायोग्य बिया देणाऱ्या वनस्पती वाढत आणि हरणांना कोवळा चारा मिळे. 1793 साली स्पॅनिश गव्हर्नर होसे होआकिन दे आरिल्यागा याने असे जाळणे बंद करण्याचा हुकूम काढला. एल्क आणि प्रॉन्गहॉर्न हे गवत खाणारे मोठे, हरणांसारखे प्राणीही पुढे, विशेषतः 1849 नंतरच्या सोन्याच्या धावपळीत, बेसुमार शिकारीने नाहीसे झाले. ट्यूल एल्क तर एकोणिसाव्या शतकात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. आज ओलोनीच्या डोंगरांत त्याचे जे कळप आहेत ते पुन्हा आणून सोडलेल्या प्राण्यांचे वंशज आहेत. म्हणजे गवत खाणारे जुने प्राणीही गेले, गवत जाळणारी माणसेही गेली आणि गवत मात्र पूर्वीपेक्षा वेगाने वाढणारे आले. येथून गाईचे आजचे काम सुरू होते.

एकवार्षिक गवताची ताकद त्याच्या घाईत आहे. पहिला दमदार पाऊस पडताच त्याचे बी दाटीने उगवते, वरच्या थरातील ओल शोषून घेते आणि मूळ गवताच्या सावकाश वाढणाऱ्या रोपांना सावलीत कोंडते. उन्हाळ्यात ते मरते, पण नाहीसे होत नाही. त्याचा वाळलेला थर जमिनीवर साचतो आणि पुढच्या वर्षी त्याखाली रानफुलांच्या लहान बियांना उजेडच मिळत नाही. चराई थांबवली की निसर्ग आपोआप पूर्वपदावर येईल अशी अपेक्षा अनेक ठिकाणी होती, परंतु तिथे पुष्कळदा याच वाळक्या थराचे राज्य आले.

याचे अतिशय स्पष्ट उदाहरण सनोलच्या दक्षिणेस, सॅन होजे शहरालगतच्या कोयोटी रिजवर दिसले. तेथील सर्पेंटाइन खडकाच्या मातीत नत्र फार कमी असते, त्यामुळे परदेशी गवते तेथे जोम धरत नसत आणि बे चेकरस्पॉट या दुर्मीळ फुलपाखराच्या अळीला लागणारी लहान मूळ वनस्पती तगून राही. काही भागांत चराई बंद झाल्यावर हे फुलपाखरू कोसळू लागले. स्टुअर्ट वाइस या पर्यावरणशास्त्रज्ञाने 1999 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याची कारणमीमांसा मांडली. महामार्गावरील मोटारींच्या धुरातील नत्राची संयुगे हवेतून जमिनीवर उतरून खतासारखे काम करत होती, त्यामुळे गवत फोफावत होते आणि ते खाऊन कमी करणारे जनावर नसेल तेथे फुलपाखराची वनस्पती गुदमरत होती. हा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. कुंपण घालून माणसाला बाहेर ठेवले तरी त्याचा धूर आत येतोच, हे तो आकड्यांनिशी दाखवतो. म्हणजे शहराच्या इतक्या जवळच्या जमिनीला हात न लावणे हादेखील एक निर्णयच असतो आणि त्याचे परिणाम कुणाला तरी भोगावे लागतात.

सनोल-ओलोनी परिसरात गाईंवर अवलंबून असलेला सर्वांत लक्षणीय प्राणी मात्र वेगळाच आहे. कॅलिफोर्निया टायगर सॅलमँडर हा पाली-सरड्याच्या आकाराचा, पण ओलसर त्वचेचा उभयचर आहे. काळ्या अंगावर पिवळसर ठिपके असलेला हा प्राणी वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली, जमिनीत राहणाऱ्या खारी आणि गोफर नावाचे कुरतडणारे प्राणी यांनी खोदलेल्या बिळांत घालवतो. हिवाळ्यातील पावसाळी रात्री तो बाहेर पडतो आणि कधी एक किलोमीटरहून अधिक चालत पाण्यापर्यंत जाऊन अंडी घालतो. अंड्यांतून निघालेल्या डिंभांना पूर्ण वाढ होऊन जमिनीवर यायला काही महिने लागतात, म्हणून तळ्यात निदान वसंताच्या अखेरीपर्यंत पाणी टिकायला हवे. परंतु तळे बारमाही असले तर तेही घातक ठरते, कारण बारमाही पाण्यात परदेशी बुलफ्रॉग आणि मासे टिकतात आणि ते ही पिल्ले खाऊन टाकतात. बुलफ्रॉगच्या बेडूकमाशांना पूर्ण वाढीसाठी पुष्कळदा वर्षाहून अधिक काळ पाणी लागते, त्यामुळे शरद ऋतूत आटणाऱ्या तळ्यात ते वाचत नाहीत. थोडक्यात, या प्राण्याला पुरेसे टिकणारे पण नक्की आटणारे पाणी हवे असते.

पूर्वी असे पाणी सपाट प्रदेशातील पावसाळी डबक्यांत मिळत असे. त्यांतली बहुतेक डबकी शेती आणि घरबांधणीने बुजली. दरम्यान विसाव्या शतकात गुरे पाळणाऱ्यांनी टेकड्यांवरच्या लहान ओहोळांवर मातीचे बांध घालून जनावरांसाठी तळी केली होती. रचना जवळपास आपल्याकडच्या माती नाला बांधासारखी. कोणत्याही दुर्मीळ प्राण्याचा विचार न करता केलेली ही तळीच आज डियाब्लो रांगेत या सॅलमँडरचे प्रमुख प्रजननस्थान आहेत. कॅलिफोर्निया रेड-लेग्ड फ्रॉग हा 1996 पासून संरक्षित असलेला बेडूकही त्यांचाच आधार घेतो. 2004 साली मध्य कॅलिफोर्नियातील टायगर सॅलमँडरला केंद्रीय कायद्याने संकटग्रस्त ठरवण्यात आले, तेव्हा त्याच आदेशात नेहमीच्या पशुपालनाच्या कामांना मुद्दाम सूट देण्यात आली. पशुपालकांवर कडक बंधने घातली असती तर त्यांनी तळ्यांची डागडुजी सोडून दिली असती आणि प्राण्याचे उरलेले घरही गेले असते, हा त्यामागचा विचार होता. मला तो शहाणपणाचा वाटतो.

डागडुजी सुटली की काय होते हे सांगायला हवे. बांध घातलेले तळे दर पावसाळ्यात थोडे गाळाने भरते आणि सांडवा दर मोठ्या पुरात थोडा खचतो. काही दशकांत तळ्याची दलदल होते आणि अखेर तिचेही गवताळ मैदान होते. म्हणून गाळ काढणे आणि बांध व सांडवा दुरुस्त करणे ही कामे उद्यानाला पैसा खर्चून करत राहावी लागतात. गाई काठाचे लव्हाळे आणि गवत खाऊन पाण्याचा पृष्ठभाग मोकळा ठेवतात, शिवाय वनस्पती कमी असल्या की त्यांच्या पानांवाटे उडून जाणारे पाणीही वाचते. सॅक्रामेंटो परिसरातील पावसाळी डबक्यांवर झालेल्या प्रयोगांत, चराई थांबवलेली डबकी चराई चालू असलेल्या डबक्यांपेक्षा सरासरी 50 दिवस आधी आटलेली दिसली. सॅलमँडरच्या डिंभासाठी 50 दिवस म्हणजे जगणे आणि मरणे यांतील अंतर आहे.

सॅलमँडरची बिळे खोदणाऱ्या खारींनाही आखूड गवतच मानवते, कारण त्यात शत्रू दुरून दिसतो. या खारी पुढे सोनेरी गरुडाचे मुख्य खाद्य होतात. लिव्हरमोरच्या आसपासच्या डियाब्लो रांगेत सोनेरी गरुडांच्या घरट्यांची दाटी जगातील ज्ञात ठिकाणांत सर्वाधिक मानली जाते. पशुपालक एके काळी खारींना विष घालत, आणि आजही पुष्कळांना ती उपद्रवी वाटते, पण खार गेली तर वरचा गरुड आणि खालचा सॅलमँडर दोघेही अडचणीत येतात.

वणव्याचा मुद्दा थोडक्यात मांडता येतो. ऑगस्ट 2020 मध्ये पावसाविना पडलेल्या विजांनी या पर्वतरांगेत अनेक ठिकाणी आगी लागल्या, त्या एकत्र झाल्या आणि सुमारे 3.96 लाख एकर क्षेत्र जळाले. ओलोनी आणि सनोलचे काही भागही त्यात सापडले. गवताच्या आगीत ज्वाळेची उंची उभ्या सुक्या गवतावर बरीच अवलंबून असते आणि ज्वाळा साधारण चार फुटांच्या आत असतील तरच जमिनीवरचे कर्मचारी हत्यारांनी जाळरेषा काढून ती रोखू शकतात. एक गाय आपल्या वासरासह दिवसाला सुमारे 12 किलो सुका चारा खाते, त्यामुळे वसंतात चरलेल्या टेकडीवर जुलैमध्ये जळण कमी असते. मात्र गाय गवत खाते, झुडपी रान फारसे खात नाही, आणि जोरदार वाऱ्यात आखूड गवतही पेटते. चराईने वणवे थांबतात असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. चराईने काही वणवे आटोक्यात आणणे सोपे होते, इतकेच खरे आहे.

विरोधकांच्या म्हणण्यातही तथ्य आहे आणि ते पूर्णपणे मांडले पाहिजे. उन्हाळ्यात गाईंना सावली आणि पाणी हवे असते, म्हणून मोकळे सोडल्यास त्या ओढ्याकाठीच बसून राहतात, काठ तुडवतात, अल्डर आणि सिकमोरची रोपे खातात आणि पाणी शेणामुताने खराब करतात. सनोलमधून वाहणारा अलामीडा ओढा हा कमी महत्त्वाचा नाही. त्याच्या खोऱ्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाणीपुरवठ्याची कॅलाव्हेरास आणि सॅन अँटोनियो ही धरणे आहेत, आणि समुद्रातून परत येणाऱ्या स्टीलहेड माशाला पुन्हा वर चढता यावे म्हणून 2006 साली त्यावरील सनोल आणि नाइल्स हे दोन जुने बंधारे काढून टाकण्यात आले. अशा ओढ्याकाठी वर्षभर गुरे बसू देणे समर्थनीय नाही. कुंपण घालून गुरांना ओढ्यापासून दूर ठेवणे आणि वरच्या उतारावर नळाने पाणी नेऊन तेथे हौद बांधणे हा उपाय चालतो, पण तो खर्चीक आहे आणि प्रत्येक जागी झालेला नाही. ब्लू ओकची नवी रोपे फारशी मोठी होत नाहीत, ही चिंता आणखी गुंतागुंतीची आहे. गाई रोपे खातात, हरणे आणि उंदीरही खातात, आणि परदेशी गवत त्यांच्या वाट्याची ओल पळवते, त्यामुळे नुसती गुरे हटवून रोपे वाढतीलच असे नाही. मूळ बहुवार्षिक गवते चराईमुळे परत येतात का, याचे उत्तरही जागेनुसार बदलते.

म्हणून चराई करावी की नाही हा प्रश्न अर्धाच राहतो. किती, कधी आणि कोठे, हा उरलेला अर्धा भाग अधिक कठीण आहे. त्याचे मोजमाप शरद ऋतूत, पहिल्या पावसाच्या आधी केले जाते. जमिनीवर एकरी किती सुके गवत शिल्लक आहे ते पाहिले जाते आणि उतार जितका तीव्र तितके अधिक शिल्लक असावे अशी अपेक्षा असते, कारण पहिल्या पावसाचे थेंब उघड्या मातीवर पडले तर माती वाहून जाते. शिल्लक फार कमी दिसली तर पुढच्या हंगामात गुरे कमी करायची, फार जास्त दिसली तर वाढवायची किंवा अधिक काळ ठेवायची. दुष्काळी वर्षी हीच आकडेवारी पशुपालकाला गुरे लवकर हलवायला लावते आणि ते त्याला परवडतेच असे नाही. चराईचे हक्क घेणारे पशुपालक उद्यानाला भाडे देतात, त्यांची गुरे त्यांच्या उपजीविकेसाठी असतात, आणि आसपासच्या खाजगी जमिनी घरबांधणीसाठी विकल्या जात राहिल्या तर हा व्यवसायच या खोऱ्यांतून उठून जाईल. तसे झाले तर उद्यानाला हे गवत कापण्यासाठी, जाळण्यासाठी किंवा शेळ्या आणण्यासाठी स्वतः पैसे मोजावे लागतील. तीव्र उतारावर यंत्र चालत नाही आणि शहराजवळ नियंत्रित आग लावायला धुरामुळे परवानगीचे दिवस थोडेच मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे या भाडेकरूंचे महत्त्व कळते.

सनोलला जायचे असेल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ उत्तम. तेव्हा टेकड्या हिरव्या असतात, रानफुले असतात आणि ‘लिटल योसेमिटी’ नावाच्या घळीत अलामीडा ओढ्याला पाणी असते. ज्यांना अधिक चालायचे आहे त्यांनी परवाना काढून मिशन पीकपासून डेल व्हॅलीपर्यंतची सुमारे 45 किलोमीटरची ओलोनी वाट धरावी. ती 3,817 फूट उंचीच्या रोझ शिखराजवळून जाते. जूननंतर ऊन कडक असते, सावली थोडी आणि वाटेत पाण्याचा भरवसा नसतो. गाय वाटेत उभी दिसली तर तिला वळसा घालून जावे, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नये, कुत्रा बरोबर असल्यास त्याला दोरीला बांधून ठेवावे. वाटेतील फाटक बंद सापडले तर ओलांडून पुन्हा बंद करावे आणि कर्मचाऱ्यांनी मुद्दाम उघडे बांधून ठेवलेले असेल तर तसेच ठेवावे, कारण कोणत्या कुरणात गुरे कोणत्या महिन्यात असावीत याचे सारे नियोजन त्या फाटकांवरच चालते.